अमेरिकेत किरणोत्सारी कचऱ्यासाठी राज्याराज्यांचे करार आहेत, मग नवीन जागा का झाल्या नाहीत?

मीरा_मिशिगन

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमधे एका लॅबला यंदाच जॉइन झालेय, माझं काम ट्रिटियम आणि कार्बन-14 या किरणोत्सारी पदार्थांवर आहे आणि शेजारच्या बेंचवर फॉस्फरस-32 वापरतात. परवा रेडिएशन सेफ्टीचं ट्रेनिंग झालं त्यात सांगितलं की ट्रिटियमच्या बाटल्या कशातही मिसळायच्या नाहीत, कारण तो कचरा दुसऱ्या राज्यात पाठवावा लागतो आणि प्रचंड महाग पडतो. आणि मग म्हणाले की मिशिगन कुठल्याच "कॉम्पॅक्ट"मधे नाही. तिथले एक जुने अधिकारी सांगत होते की नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षं मिशिगनमधून असलं एक पिंपसुद्धा बाहेर जाऊ शकलं नव्हतं, हॉस्पिटलं, युनिव्हर्सिट्या, अणुवीज केंद्रं सगळ्यांनी आपापल्या आवारात साठवून ठेवलं.

मला हे कळतच नाहीये. एवढं मोठं राज्य, फर्मी, पॅलिसेड्स, कुक अशी अणुवीज केंद्रं इथे, आणि हातमोजे, फिल्टर, बाटल्या टाकायला जागा नाही? हे कॉम्पॅक्ट म्हणजे नक्की काय, राज्यं एकमेकांशी असे करार कशी करतात, आणि करार करूनही प्रश्न सुटला का नाही? कुणाला माहिती असेल तर जरा नीट सांगा, नेटवर जे मिळतंय ते एकतर वकिली भाषेत आहे नाहीतर घाबरवणारं आहे.

---

वकीलभाऊ_जर्सी

मीराताई, चांगला प्रश्न आहे, थोडं मोठं लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की हा वापरलेल्या इंधनाचा विषय नाही, ते वेगळं आणि ती केंद्र सरकारची जबाबदारी. तुमचा तो लो-लेव्हल, म्हणजे कमी तीव्रतेचा कचरा: अणुवीज केंद्रातले पाणी शुद्ध करायचे रेझिन, फिल्टर, कपडे, हत्यारं, रिअ‍ॅक्टरचे काही सुटे भाग, हॉस्पिटल आणि लॅबमधला माल. हा पुरायला अमेरिकेत साठच्या दशकापासून खाजगी जागा निघाल्या, नेवाडात बीटी पहिली, 1962 ची, आणि हळूहळू सहा झाल्या. त्यातल्या तीन सत्तरच्या दशकातच बंद पडल्या. न्यूयॉर्कमधलं वेस्ट व्हॅली 1975 ला, केंटकीतलं मॅक्सी फ्लॅट्स 1977 ला, इलिनॉयमधलं शेफील्ड 1978 ला. पहिल्या दोन्हींचं दुखणं पाण्याचंच, चरांमधे पावसाचं पाणी साठायचं आणि मग ते बाहेर यायचं. त्या काळात माल पिंपात नाहीतर खोक्यात घालून चरात टाकायचे आणि वर माती लोटायचे, यापेक्षा फारसं काही नव्हतं.

मग उरल्या तीन. साउथ कॅरोलायनात बार्नवेल, नेवाडात बीटी, वॉशिंग्टन राज्यात रिचलँड. अख्ख्या देशाचा कचरा या तीन राज्यांत. मार्च 1979 ला पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर डिक रायली म्हणाले तिथला कचरा आम्ही घेणार नाही, आणि एकूणच येणारा माल निम्म्यावर आणू. त्याच वर्षी नेवाडा आणि वॉशिंग्टनमधे ट्रक आले ते गळके, पॅकिंग धड नाही, तर त्या दोन्ही गव्हर्नरांनी काही काळ गेटच बंद केलं. वॉशिंग्टनच्या गव्हर्नर डिक्सी ली रे या तर आधी केंद्राच्या अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्ष होत्या, म्हणजे अणुऊर्जेच्या विरोधातली बाई नव्हे. पण त्यांचंही म्हणणं हेच होतं की तीन राज्यांनीच हे ओझं का वाहायचं.

आता कायद्याचा पेच असा की अमेरिकेत एखादं राज्य "बाहेरचा कचरा आमच्याकडे नको" असं म्हणूच शकत नाही. राज्याराज्यांमधल्या व्यापाराला आडकाठी करायचा अधिकार राज्याला नाही आणि कचरा हाही व्यापारच, हे सुप्रीम कोर्टाने 1978 ला फिलाडेल्फिया विरुद्ध न्यू जर्सी खटल्यात सांगून टाकलं होतं. यातून बाहेर पडायची वाट म्हणजे केंद्राच्या संसदेची, काँग्रेसची, परवानगी. घटनेत आहे की दोन राज्यांनी आपापसात करार करायचा तर काँग्रेसची संमती लागते, आणि एकदा ती मिळाली की करारात लिहिलेलं चालतं, बाहेरच्यांना नाही म्हणायचं कलमसुद्धा. म्हणून 1980 चा कायदा आला. प्रत्येक राज्य आपल्या कचऱ्याला जबाबदार, राज्यांनी करार करून गट करावेत (हेच कॉम्पॅक्ट), गटातल्या एकाने जागा द्यावी, आणि बक्षीस म्हणून 1986 पासून गटाबाहेरच्यांना दार बंद करायची मुभा.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. त्या कायद्याने राज्यांच्या हातात सगळ्यात आकर्षक गोष्ट दिली ती नाही म्हणायचा हक्क. जागा शोधणं हे कर्तव्य, दार लावणं हा फायदा. लोकांनी फायदा उचलला आणि कर्तव्य टोलवत राहिले.

1985 पर्यंत एकही जागा झाली नाही म्हणून दुरुस्ती झाली. तिन्ही जुन्या जागा 1992 अखेरपर्यंत उघड्या ठेवायच्या, पण बाहेरच्यांना घनफुटाला आधी 10, मग 20, मग 40 डॉलर जादा आकार. टप्पे गाठले नाहीत तर आणखी दंड, किंवा सरळ प्रवेश बंद. आणि सगळ्यात जालीम कलम म्हणजे 1 जानेवारी 1996 पर्यंत सोय केली नाही तर त्या राज्याने सगळ्या कचऱ्याची मालकी स्वतःकडे घ्यायची. याच कलमावर न्यूयॉर्क राज्य कोर्टात गेलं, आणि 1992 मधे सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन असा निकाल देऊन ते उडवलं. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिलं की केंद्र राज्यांना पैसे देऊन वळवू शकतं, प्रवेश नाकारायची मुभा देऊ शकतं, पण राज्याच्या विधिमंडळाला वेठीला धरून केंद्राचा कार्यक्रम राबवायला लावू शकत नाही. जादा आकार राहिला, बंदी राहिली, फक्त छडी गेली.

तुमच्या मिशिगनचं सांगायचं तर ते मिडवेस्ट कॉम्पॅक्टमधे होतं, इंडियाना, आयोवा, मिनेसोटा, मिझुरी, ओहायो, विस्कॉन्सिन यांच्याबरोबर. 1987 ला पहिली जागा मिशिगनने द्यायची असं ठरलं. मिशिगनने आपले निकष इतके कडक केले की तीन जागा निवडल्या आणि तिन्ही त्याच निकषात बाद झाल्या. मग 1990 च्या शेवटी तिन्ही चालू जागांनी मिशिगनला प्रवेश बंद केला आणि 1991 ला कॉम्पॅक्टने मिशिगनला काढून टाकलं. तुमचे जुने अधिकारी सांगतात ते हेच दिवस. 1995 ला साउथ कॅरोलायनाने आपला गट सोडला आणि बार्नवेल पुन्हा सगळ्यांना उघडलं, एकट्या नॉर्थ कॅरोलायनाला सोडून, तेव्हा मिशिगनची पिंपं हलली.

---

ओमाहाचा_सुहास

वकीलभाऊंनी नॉर्थ कॅरोलायनाचा उल्लेख केला, पण आमच्या नेब्रास्काचं प्रकरण त्याहून मोठं आहे, इथे राहतो म्हणून सांगतो, इथले जुने लोक अजून बोलतात यावर.

सेंट्रल कॉम्पॅक्ट म्हणजे आर्कान्सॉ, कॅन्सस, लुइझियाना, ओक्लाहोमा आणि नेब्रास्का. 1987 मधे ठरलं की जागा नेब्रास्काने द्यायची. बॉइड काउंटी निवडली, साउथ डकोटाच्या सीमेला लागून, सगळी शेती आणि गुरं, ब्यूट नावाच्या छोट्या गावाजवळ. आणि मग गाव दुभंगलं. काहींना वाटलं पैसा येईल, शाळा टिकेल, पोरं गावात राहतील. बाकीच्यांना वाटलं जमिनीखाली पाणी इतकं वर आहे, इथे हे पुरायचं म्हणजे वेडेपणा. सख्ख्या भावाभावांत बोलणं बंद झाल्याचं इथे ऐकलंय मी.

राज्याने वर्षानुवर्षं अर्ज तपासला आणि डिसेंबर 1998 ला परवाना नाकारला, कारण दिलं भूजलाचं. दुसऱ्या वर्षी नेब्रास्काने कॉम्पॅक्ट सोडायचा कायदाही केला. बाकीची राज्यं आणि वीज कंपन्या कोर्टात गेल्या. 2002 ला फेडरल कोर्टाने म्हटलं की राज्याने प्रामाणिकपणे तपासणी केलीच नाही, आधी नाकारायचं ठरवलं आणि मग कारणं शोधली, आणि 15.1 कोटी डॉलर भरा म्हणून सांगितलं. अपिलातही हरले, शेवटी 2004 ला 14.1 कोटींवर तडजोड. करदात्यांचे पैसे. आणि बॉइड काउंटीत आज काय आहे तर शेतच.

मला या निकालाचा राग येतो आणि पटतोही. करार केला तर पाळायला हवा, हे बरोबर. पण बॉइड काउंटीच्या लोकांनी कुठे सही केली होती? सही राजधानीत, लिंकनमधे बसलेल्यांनी केली.

तुलनेला नॉर्थ कॅरोलायना बघा. रालेच्या वेक काउंटीत जागा बघितली, आग्नेयेकडच्या राज्यांच्या गटाकडून जवळपास 8 कोटी डॉलर घेतले, स्वतःचे 3.4 कोटी घातले, परवाना काही मिळाला नाही, 1997 ला गटाने पैसे थांबवले आणि 1999 ला नॉर्थ कॅरोलायना बाहेर पडलं. अलाबामा आणि इतर राज्यं थेट सुप्रीम कोर्टात गेली, 2010 ला निकाल लागला आणि नॉर्थ कॅरोलायना जिंकलं. का, तर करारात बाहेर पडायची मोकळीक होती आणि दंड लावायचा अधिकार आयोगाला स्पष्ट दिलेला नव्हता. दोन राज्यं, वागणं जवळजवळ सारखंच, एकाने 14 कोटी भरले आणि दुसऱ्याने काही नाही, सगळं करारातल्या शब्दांवर आणि कोर्टासमोर आलेल्या पुराव्यावर.

---

मीरा_मिशिगन

बापरे. म्हणजे गट दहा झाले पण जागा कुणीच दिली नाही का? मग आमच्या लॅबचा कचरा आज टेक्सासला जातो असं म्हणाले ते कसं काय? टेक्सास तयार कसं झालं?

---

मिडलँडकर

टेक्सासचं मी सांगतो, मिडलँडला आहे, ती जागा ज्या अँड्र्यूजला आहे ते इथून जवळच.

टेक्सास, मेन आणि व्हरमाँट असा कॉम्पॅक्ट 1998 ला काँग्रेसने मंजूर केला. नकाशात बघितलं तर हसू येईल पण विचार पक्का होता, दोन लहान राज्यांनी प्रत्येकी 2.5 कोटी डॉलर द्यायचे आणि जागा टेक्सासने द्यायची. टेक्सासचा फायदा असा की कॉम्पॅक्ट झाला की बाकीच्या सगळ्या देशाला नाही म्हणता येतं. फिरून तेच. मेन पुढे बाहेर पडलं, व्हरमाँट राहिलं.

पहिली जागा होती सिएरा ब्लांका, मेक्सिकोच्या सीमेजवळ, रिओ ग्रांदेपासून 16 मैलांवर. गरीब गाव, बहुतेक लोक हिस्पॅनिक. याच गावाजवळ 1992 पासून न्यूयॉर्क शहराच्या सांडपाण्याचा गाळ रेल्वेने आणून पसरत होते. त्यावर हा कचरा. सीमेच्या दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले, आणि ऑक्टोबर 1998 मधे राज्याच्याच आयोगाने परवाना नाकारला, जमिनीखालचा भेग असलेला थर आणि गावावर होणारा परिणाम या दोन्ही गोष्टी नीट तपासल्या नाहीत म्हणून.

अँड्र्यूजचं वेगळं होतं. तेलाचा भाग, न्यू मेक्सिकोच्या सीमेला, तेलाचे भाव पडले की गाव रिकामं होतं, त्यामुळे गावातल्या पुढाऱ्यांनीच कंपनीला बोलावलं असं म्हटलं तरी चालेल. खाली लाल चिकणमातीचा जाड थर आहे. तरी पाण्यावरून वाद झालाच, परवान्याचा अभ्यास करणाऱ्या राज्याच्या काही तज्ज्ञांनी हरकत घेतली आणि त्यातल्या काहींनी नोकरी सोडली. परवाना 2009 ला मिळाला. त्याच वर्षी काउंटीने कंपनीसाठी 7.5 कोटी डॉलरचे रोखे काढायचे की नाही यावर मतदान झालं, 642 विरुद्ध 639. तीन मतांनी! 2012 ला पहिला माल पुरला. 1980 च्या कायद्यानंतर या पद्धतीतून नव्याने उभी राहिलेली ही एकच जागा.

मीराताई, तुमचं राज्य आमच्या कॉम्पॅक्टमधे नाही, पण टेक्सासने नंतर कायदा बदलून बाहेरच्यांचा माल मर्यादेत घ्यायला परवानगी दिली, आयोगाची मंजुरी घेऊन आणि जादा आकार भरून. कारण फक्त टेक्सास आणि व्हरमाँटच्या कचऱ्यावर ती जागा चालूच शकत नव्हती. व्हरमाँट यांकी केंद्र 2014 ला बंद झालं, ते पाडताना निघालेला माल रेल्वेने इकडेच आला.

---

फुरसुंगीकर

मी या विषयातला नाही, पण आमच्या फुरसुंगी-उरुळीत पुण्याचा कचरा आला तेव्हाचं सगळं डोळ्यांसमोर आहे, त्यामुळे सुहासभाऊंचं वाक्य काळजाला लागलं. शहर सही करतं आणि विहीर गावाची खराब होते. म्हणून हे धागे वाचताना मला पहिला प्रश्न पडतो तो हा की ज्याच्या जमिनीत पुरणार त्याला विचारलं कधी, नकाशावर खूण करायच्या आधी की नंतर?

मुद्दाम शोधून वाचलं. कॅलिफोर्नियात वॉर्ड व्हॅली म्हणून जागा होती, नीडल्सजवळ मोहावी वाळवंटात, कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना आणि दोन्ही डकोटांच्या गटासाठी. कागदावर उत्तम, पाऊस नाही, वस्ती नाही. पण फोर्ट मोहावी, चेमेहुएवी आणि आणखी तीन आदिवासी समाजांसाठी ती पवित्र जमीन, तिथून सुमारे वीस मैलांवर कोलोरॅडो नदी, आणि संरक्षित कासवांचं घर. 1998 मधे त्यांनी तिथे 113 दिवस ठिय्या दिला, दुसऱ्या वर्षी केंद्राने जमीन देणं कायमचं थांबवलं. न्यूयॉर्कमधे अ‍ॅलेगनी काउंटीत 1990 ला जागेची पाहणी करायला अधिकारी आले तर म्हाताऱ्या लोकांनी पुलावर स्वतःला साखळीने बांधून घेतलं, मागे घोड्यांवर बसलेले शेतकरी.

इथे काही जण लिहितील की हा अडाणीपणा आहे, किरणोत्सार म्हटलं की लोक घाबरतात. मला नाही पटत. त्याच राज्यातलं वेस्ट व्हॅली गळलेलं त्यांनी पाहिलं होतं, फार लांबही नाही ते. ज्यांनी एकदा गळकं बघितलंय ते दुसऱ्यांदा नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये.

---

ट्रॉम्बेकर_निवृत्त

फुरसुंगीकर, तुमचा मुद्दा मान्य. आयुष्यभर हेच काम केलं म्हणून तांत्रिक बाजूचं थोडं लिहितो, कारण भीती किती आणि कशाची हे कळलं तर विचारायचे प्रश्नही नेमके होतात.

अमेरिकेत या कचऱ्याचे ए, बी, सी असे वर्ग आहेत, ए सगळ्यात सौम्य, सी सगळ्यात तीव्र. आकारमानाने बहुतेक सगळा ए. जागा बंद झाल्यावर 100 वर्षं कुंपण आणि पहारा ठेवायचा असा नियम, त्या काळात वर्ग ए आणि बी बऱ्यापैकी शांत व्हावेत ही अपेक्षा. सी मात्र जास्त खोल किंवा असा अडथळा घालून पुरायचा की 500 वर्षं कुणी चुकून खणून त्याच्यापर्यंत जाऊ नये. कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षं, सीझियम-137 चं 30, म्हणजे सीझियमला 300 वर्षं दिली की हजारावा भाग उरतो. हे माणसाच्या हिशोबात बसतं. म्हणून विचारायचं ते हे की वर्ग कुठला, त्यात दीर्घायुषी माल किती, पाणी किती खोलावर, आणि शंभर वर्षांच्या पहाऱ्याचे पैसे आत्ताच बाजूला ठेवलेत का. कंपनी शंभर वर्षं राहत नाही, राज्य राहतं.

बीटीचं उदाहरण घ्या. तिथे 1992 अखेर पुरणं थांबलं, आणि ऑक्टोबर 2015 मधे पाऊस पडून जुन्या चरातल्या सोडियम धातूला पाणी लागलं आणि स्फोट होऊन आग लागली, हायवे बंद करावा लागला. बाहेर किरणोत्सार आढळला नाही. पण बंद झालेल्या जागेलाही वाली लागतो तो असा.

आपल्याकडे हा राज्याराज्यांचा प्रश्नच येत नाही, कारण अणुऊर्जा हा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या सूचीत आहे. 1987 चे विल्हेवाटीचे नियम आहेत, देखरेख अणुऊर्जा नियामक परिषदेची. तारापूरला जे निर्माण होतं ते तिथल्याच आवारात, दगडी चर, काँक्रीटचे चर आणि जास्त तीव्र असेल तर टाइल होल म्हणजे उभ्या लोखंडी नळ्या यात जातं. वाहतूक कमी होते हा मोठा फायदा. पण जिथे प्रकल्प तिथेच कचरा हे आपोआप ठरतं, वेगळं कुणाला विचारलं जात नाही, हेही खरं. आणि यंत्रणेच्या नजरेतून एखादी वस्तू निसटली की काय होतं ते 2010 ला दिल्लीत मायापुरीला दिसलं. विद्यापीठातलं जुनं कोबाल्टचं यंत्र भंगारात लिलावाला गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं आणि एकाचा जीव गेला. शिस्तीत पुरलेल्या चराची मला तेवढी धास्ती नाही. विसरलेल्या वस्तूची आहे.

---

वकीलभाऊ_जर्सी

ट्रॉम्बेकर काका, फार छान लिहिलंत.

एक राहिलं होतं. आज देशात चार जागा चालू आहेत. रिचलँड फक्त वायव्येकडची आणि रॉकी माउंटन गटाची 11 राज्यं घेतं. बार्नवेल 2008 च्या जुलैपासून फक्त साउथ कॅरोलायना, कनेटिकट आणि आमचं न्यू जर्सी, हाच अटलांटिक कॉम्पॅक्ट. तिसरी टेक्सासची. चौथी युटातली क्लाइव्ह, ती कुठल्या कॉम्पॅक्टची म्हणून उभी राहिलेलीच नाही, खाजगी आहे, सगळ्या देशाचा माल घेते पण फक्त वर्ग ए. 2008 ला बार्नवेल बाकीच्यांना बंद झालं तेव्हा 36 राज्यांना बी आणि सी टाकायला जागाच उरली नाही, अँड्र्यूज उघडेपर्यंत म्हणजे चार वर्षं.

आणि कॉम्पॅक्ट निरुपयोगी आहेत असंही म्हणू नका. क्लाइव्हच्या कंपनीला इटलीतला सुमारे 20 हजार टन कचरा अमेरिकेत आणून प्रक्रिया करायची होती आणि उरलेला भाग युटात पुरायचा होता. युटा ज्यात आहे त्या वायव्येच्या कॉम्पॅक्टने नाही म्हटलं, कंपनी कोर्टात गेली, 2010 ला अपील कोर्टाने सांगितलं की जागा खाजगी असली तरी कॉम्पॅक्टला अडवायचा अधिकार आहे. काँग्रेसच्या संमतीचा करार नसता तर युटाला हे जमलं नसतं.

नवीन जागा न होण्यामागे पैशाचंही कारण आहे, ते कुणी बोललं नाही. दर वाढले तसं सगळ्यांनी कचरा कमी केला, दाबून लहान केला, जाळून राख केली. ऐंशीच्या तुलनेत आकारमान खूपच घटलं. दहा गटांनी दहा जागा बांधल्या असत्या तर बहुतेक सगळ्या तोट्यात गेल्या असत्या. काँग्रेसच्या लेखापरीक्षकांनी 1999 ला हिशोब मांडला तेव्हा राज्यांचे मिळून जवळपास 60 कोटी डॉलर जागा शोधण्यात गेले होते आणि एकही नवीन जागा झालेली नव्हती. तुमच्या जुन्या मिडवेस्ट गटानेही 1997 मधे ओहायोतलं जागा शोधायचं काम याच हिशोबाने थांबवलं.

---

मीरा_मिशिगन

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी ट्रेनिंगमधे सांगितलं नसतं. आता त्या वेगळ्या डब्यांकडे मी निराळ्या नजरेने बघेन. काका, एक शेवटचं विचारते, शेजारच्या बेंचचा फॉस्फरस आमच्या डब्यात पडला तर खरंच एवढं बिघडतं का?

---

ट्रॉम्बेकर_निवृत्त

बिघडतं. फॉस्फरस-32 चं अर्धायुष्य 14 दिवस, तो तिथेच कपाटात दहा अर्धायुष्यं ठेवला, मीटरने तपासून पार्श्वभूमीइतका आला आणि किरणोत्साराची लेबलं काढली की साध्या कचऱ्यात जातो, तिकडे 120 दिवसांपर्यंत अर्धायुष्य असलेल्यांना हीच सवलत आहे. ट्रिटियमचं सव्वाबारा वर्षं आणि कार्बन-14 चं 5730, ते कपाटात ठेवून जात नाहीत. दोन्ही एकत्र झालं की तो अख्खा डबा ट्रिटियमचा होतो आणि टेक्सासच्या भावाने पैसे पडतात. डब्यावर आयसोटोप, तारीख आणि अंदाजे किती क्युरी (किरणोत्साराचं माप) हे त्याच दिवशी लिहून टाकत जा, महिन्याने आठवून लिहू नका. आणि सिंटिलेशनच्या, म्हणजे किरणोत्सार मोजायच्या द्रवाच्या, बाटल्यांचा खोका वेगळा ठेवा, त्यात सॉल्व्हंट असतं म्हणून त्यांना रसायनांचे नियमही लागतात, तुमच्या सेफ्टी ऑफिसला विचारा त्यांचा तिथला नियम काय आहे ते.